भाला, विटा, बोथाटी: लांबी ठरवण्याआधी तोल ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मर्दानी खेळाच्या एका पथकाला सहा भाले आणि दोन विटे, म्हणजे बुडाला दोरी बांधलेले भाले, असे आठ नग एकाच मापाने करून घ्यायचे आहेत. त्यातले दोन भाले मिरवणुकीत घोडेस्वारांच्या हाती द्यायचे आहेत. लांबी किती ठेवावी, बांबू कोणता घ्यावा, पातं किती जड असावं, आणि माहितीफलकावर इंग्रजी नाव देताना ‘लान्स’ लिहावं की ‘स्पिअर’, असं विचारलं आहे.

लांबीचा आकडा देणं सोपं आहे. पायी माणसाला सहा ते सात फूट, घोडेस्वाराला नऊ फुटांच्या आसपास. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाचे स्वार आजही नऊ फूट नऊ इंचांचा बांबूचा भाला घेऊन उभे राहतात, त्यावरून अंदाज येईल. पण नुसती लांबी सांगून लोहाराकडे गेलात, तर हातात येईल ती काठीला टोचलेली लोखंडी सुरी. दोन मिनिटं धरली की मनगट भरून येतं आणि टोक जमिनीकडे झुकतं. म्हणून आधी ठरवा की हा भाला कोण धरणार, एका हाताने की दोन्ही हातांनी, आणि तो खुपसायचा, फिरवायचा की फेकायचा. त्यावरून तोल कुठे हवा ते ठरतं. लांबी, जाडी आणि पात्याचं वजन त्यानंतर येतं.

फलकाचं आधी संपवतो. आपण सगळ्याला सरसकट ‘भाला’ म्हणतो, त्यामुळे गोंधळ होतो. इंग्रजीतला ‘लान्स’ हा घोडेस्वाराचा भाला. त्यात जोर घोड्याच्या धावेतून येतो, हात फक्त रोख धरतो. पायदळाचा तो ‘स्पिअर’, आणि फेकायचा तो ‘जॅव्हलिन’. ऑलिंपिकमध्ये आपण पाहतो ती भालाफेक या तिसऱ्या जातीची. पुरुषांचा तो भाला ८०० ग्रॅमचा असतो. मराठीतली विभागणी वेगळ्या अंगाने जाते. बरची म्हणजे हलका, आखूड भाला. सांग पात्यापासून बुडापर्यंत सगळी लोखंडी. बल्लम आखूड, रुंद पात्याचा. नेजा म्हटलं की स्वाराचा, बहुधा निशाण लावलेला भाला डोळ्यांसमोर येतो. विटा हा खास मराठ्यांचा, बुडाला दोरी बांधलेला भाला; तो चालवणारा विटेकरी. आणि बोथाटी म्हणजे सरावाचा बोथट भाला, टोकाला पात्याऐवजी गोळा. तुमच्या सहापैकी स्वारांच्या दोन भाल्यांखाली ‘लान्स’ लिहा आणि उरलेल्या चारांखाली ‘स्पिअर’. विट्याला मात्र इंग्रजी प्रतिशब्द शोधू नका. ‘विटा’ असंच लिहून खाली ‘दोरीचा भाला’ असा खुलासा द्या.

फलकावर जागा उरली तर या शब्दाच्या भावंडांवर दोन ओळी टाकता येतील, वाचणारे थांबतात. आपल्या गावोगावच्या जवानांच्या नावापुढे लागणारं ‘लान्स नायक’ हे पद इंग्रजी ‘लान्स कॉर्पोरल’वरून आलं, आणि त्यातला ‘लान्स’ जुन्या इटालियनमधल्या ‘मोडका भाला’ या अर्थाच्या शब्दापर्यंत मागे जातो. लढाईत भाला मोडलेला, म्हणजे मुरलेला शिपाई. ‘फ्रीलान्स’ हा मूळचा कुणाचाही बांधील नसलेला, मोबदल्यावर लढणारा भालेवाला. आपल्याकडच्या स्वतःच्या घोड्यानिशी आणि हत्यारानिशी चाकरीला येणाऱ्या शिलेदाराशी त्याचं थोडं नातं लागतं, सरकारी घोडा मिळणाऱ्या बारगिराशी नाही. गळू फोडायचं लॅन्सेट हा त्याच कुटुंबातला धाकटा. पोलाद कारखान्यात वितळलेल्या धातूत किंवा भट्टीच्या तोंडात ऑक्सिजन सोडायची लांब नळी, तिलाही कामगार लान्सच म्हणतात. लांब दांडा, पुढच्या टोकावर सगळं काम, आणि माणूस मागे सुरक्षित, एवढं या सगळ्यांत समान आहे.

आता काठी. भाल्यातला नव्वद टक्के निर्णय इथे होतो. महाराष्ट्रात दोन चांगले पर्याय आहेत. विदर्भातला मानवेल, ज्याला बाहेर ‘नर बांबू’ म्हणतात, आणि कोकणातला माणगा. दोन्हींत बुंध्याकडचा भाग जवळजवळ भरीव मिळतो. मात्र एकाच जातीचा बांबू ओलाव्याच्या जमिनीत पोकळ होतो आणि कोरड्या, मुरमाड उतारावर भरीव. म्हणून जातीच्या नावावर जाऊ नका, कापलेलं तोंड बघा. बुंध्याकडच्या तोंडाला भोक ज्वारीच्या दाण्याएवढं किंवा नसलेलंच हवं. काटेरी कटांग शिडीला, मांडवाला उत्तम. भाल्याला घेऊ नका, कारण त्याची पोकळी मोठी असते.

भरीवच का, हे सांगायला हवं, कारण ‘पोकळ हलका असतो, तो का नको’ असं बरेच जण विचारतात. नुसता ताठपणा बघितला तर पोकळ बांबू वजनाच्या मानाने सरसच ठरतो. पण भाल्याला तीन ठिकाणी त्रास होतो. पात्याची नळी बसते तिथे पोकळ काठी चेपते, आडवी खिळी मारली की उभी चिरते, आणि दुसऱ्या काठीचा किंवा तलवारीचा आडवा फटका बसला की कांड्याच्या मधोमध फुटते. फुटलेल्या बांबूची कडच पात्यासारखी कापते. भरीव काठी असा दगा देत नाही. ती आधी करकरते, तंतू सुटतात, तुम्हाला सावध व्हायला वेळ मिळतो.

तीन ते चार वर्षांचा बांबू घ्या. पहिल्या वर्षीच्या बांबूवर कोशाची सालपटं आणि पांढरी भुकटी असते. तो वाळताना आक्रसतो आणि वाकतो. पक्क्या बांबूचा रंग मळकट होतो, अंगावर बुरशीचे ठिपके दिसतात, नखाने टिचकी मारली की आवाज कोरडा येतो. फुलावर आलेलं बेट असेल तर त्याला हात लावू नका. तोड पावसाळा संपल्यावर, थंडीत. अमावास्येला तोडलेल्या बांबूला भुंगा लागत नाही असं जुने लोक म्हणतात. माझा भर तिथीपेक्षा ऋतूवर आहे: थंडीत बांबूतली पिठूळ साखर कमी असते आणि भुंगा येतो तो तिच्यासाठी. बुडाकडची पहिली दोन-तीन पेरं बहुधा वाकडी असतात, ती सोडून वरचा साडेनऊ-दहा फुटांचा तुकडा घ्या. सहा भाल्यांना दहा काठ्या तोडा. दोन-तीन वाळताना बाद होतात, हे गृहीत धरलेलं बरं.

भुंग्यापासून बचावाला दोन वाटा आहेत. पहिली जुनी: वाहत्या पाण्यात तीन-चार आठवडे बुडवून ठेवणं, म्हणजे पिठूळ अंश धुऊन जातो. दुसरी टाकणखार आणि बोरिक पावडर. दहा लिटर गरम पाण्यात ३०० ग्रॅम टाकणखार आणि २०० ग्रॅम बोरिक विरघळवा. ३ मीटर लांबीच्या चार इंची पीव्हीसी पाइपाला खालून टोपण लावून उभा बांधा, त्यात तीन काठ्या आणि साधारण २० लिटर द्रावण मावतं. काठ्या ओल्या असतानाच, तोडीनंतर दोन-तीन दिवसांत आत गेल्या पाहिजेत. वाळलेला बांबू द्रावण पीत नाही. दोन आठवडे ठेवा आणि मधे एकदा काठ्या उलट्या करा, कारण भरीव बांबूची साल फारसं काही शोषत नाही, द्रावण मुख्यतः टोकांतूनच चढतं. उरलेलं पाणी विहिरीजवळ किंवा झाडांच्या आळ्यात ओतू नका, बोरॉन जास्त झालं की झाडं जळतात.

वाळवण सावलीत, उभी किंवा टांगून. टांगलीत तर खालच्या टोकाला वीट बांधा, काठी सरळ राहते. उन्हात ठेवलेली भरीव काठी बाहेरून आधी आकसते आणि तिला लांब चीर जाते. दोन ते तीन महिने लागतात. कॅलेंडरवर विसंबू नका, काटा वापरा: दर आठवड्याला वजन लिहून ठेवा, लागोपाठ तीन आठवडे बदललं नाही की वाळली. नऊ फुटांची, बुडाशी ३३ आणि शेंड्याशी २६ मिलिमीटर जाडीची वाळलेली भरीव काठी सुमारे १.३ किलो भरते. किलोच्या खाली आली तर आत कुठेतरी पोकळी आहे असं समजा.

सरळ करण्याचं काम निखाऱ्यावर करायचं, ज्वाळेवर नाही. वाकडी जागा तेल लावून निखाऱ्यावर फिरवत राहा. सालीवर घाम सुटल्यासारखी चमक आली की काठी नरम पडली. मग लाकडाच्या खाचेत अडकवून उलट बाजूला थोडी जास्तच वाकवा, तशीच धरून ओल्या फडक्याने गार करा आणि पूर्ण गार होईपर्यंत सोडू नका. गाठी कानशीने सपाट करा, पण साल तासू नका. बांबूचे मजबूत तंतू सालीलगतच दाट असतात, आत विरळ होत जातात. गुळगुळीत दिसावी म्हणून रंधा मारलेली काठी देखणी होते आणि जोर गमावते. शेवटी जवसाच्या कच्च्या तेलाचे तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर जास्तीचं तेल पुसून. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

प्रत्येक काठीची परीक्षा घ्या. दोन्ही टोकं स्टुलांवर टेकवून मधोमध पाच किलो वजन टांगा. वर सांगितलेल्या जाडीची काठी तीन-चार सेंटिमीटर वाकते. वजन काढल्यावर ती पूर्ण सरळ झाली पाहिजे. पाव पाव वळण देऊन चारही बाजूंनी बघा. एकाच बाजूला जास्त वाकली किंवा करकर ऐकू आली, तर ती काठी झेंड्याला ठेवा.

आता ज्यासाठी हे सगळं, तो तोल. वरची १.३ किलोची, २७० सेंटिमीटरची काठी घ्या, पुढे पाव किलोचं पातं आणि बुडाला २०० ग्रॅमचं लोखंडी टोपण बसवा. बुंधा मागे ठेवलात तर तोल बुडापासून १३१ सेंटिमीटरवर येतो. तीच काठी उलटी करून बुंध्याला पातं बसवलंत तर १४७ सेंटिमीटरवर. फक्त दिशा बदलल्याने सोळा सेंटिमीटरचा फरक पडला, खर्च शून्य. हाच सोळा सेंटिमीटरचा फायदा लोखंडाने मिळवायचा म्हटलं, तर बुडाच्या टोपणात आणखी दोनशे ग्रॅमांहून जास्त घालावं लागतं, आणि सबंध भाला तेवढा जड होतो. ‘जाड बाजूला पातं घट्ट बसतं’ म्हणून लोहार बुंधा पुढे घेतात, तेव्हा त्यांना थांबवा.

स्वाराच्या भाल्याला तोल मधोमध किंवा किंचित मागे हवा, कारण एक हात लगामात असतो आणि एकाच हातावर सगळा पल्ला पेलायचा असतो. युरोपातल्या चिलखती सरदारांनी हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला: जड लाकडी भाला काखेत दाबायचा आणि छातीच्या पत्र्यावरच्या आकड्यावर टेकवायचा. आपल्याकडे काठीच हलकी आणि लवचीक मिळाली, त्यामुळे हात मोकळा राहिला, भाला डोक्यावरून फिरवता आला, मागेही मारता आला. पुढे १८६८ च्या नमुन्यात ब्रिटिश घोडदळानेही आपल्याकडच्या भरीव बांबूचीच काठी घेतली. पायी दोन हातांनी चालवायच्या भाल्याला तोल थोडा पुढे गेला तरी चालतो, मागचा हात तो सांभाळतो. फेकायच्या विट्याला तर तो मध्यापेक्षा पुढेच हवा, नाहीतर भाला हवेत आडवा होतो. तेव्हा विट्यासाठी बुंधा पुढे घ्या, बुडाला जड लोखंड नको. म्हणजे एकाच मापाने आठही नग करून घेण्याचा तुमचा विचार सोडावा लागेल.

पातं खेळासाठी आहे, म्हणून धार नको. कड दोन मिलिमीटर जाड ठेवा, टोक गोलसर. लांबी वीस सेंटिमीटर, नळी दहा ते बारा सेंटिमीटर. गाडीच्या पाट्याचं पोलाद मिळालं तर चांगलं, पण धारच नसल्यामुळे साधं लोखंडही चालेल. आकार अरुंद, पानासारखा ठेवा. मागे वळलेले आकडे असलेलं पातं चित्रात शोभतं. स्वाराच्या भाल्याला ते घातक, कारण घोडा पुढे धावत असताना अडकलेला भाला हात तरी पिरगाळतो किंवा स्वाराला तरी ओढून पाडतो. टेंट पेगिंग या घोडेस्वारीच्या खेळात भाल्याने जमिनीतली खुंटी उचलल्यावर स्वार हात मागे झुलू देतो, तोही याच कारणासाठी.

नळी बसवताना बहुतेक ठिकाणी चूक होते. काठी नुसत्या नळीच्या तोंडाशी घट्ट आणि आत सैल असली, तर महिन्याभरात पातं खुळखुळायला लागतं. नळीच्या आत दिव्याची काजळी धरा, काठी घालून फिरवा, बाहेर काढा. जिथे काळं लागलं तिथेच थोडं खरवडा. सगळ्या बाजूंनी सारखं काळं लागेपर्यंत हेच करत राहायचं. एक गाठ नळीच्या आत येईल अशी काठी कापा आणि चार मिलिमीटरची आडवी खिळी त्या गाठीतूनच जाऊ द्या, भोक आधी ड्रिलने पाडून. चिकटवायला लाख आणि विटकरीची बारीक पूड, किंवा सरळ इपॉक्सी. लाखेचा फायदा असा की पुढे काठी बदलताना नळी तापवली की सुटते. भाला मोडतो तो जवळजवळ नेहमी नळीच्या तोंडामागे दोन बोटांवर, कारण ताठ लोखंड तिथे एकदम संपतं आणि सगळा वाक त्याच जागी येतो. त्यावर उपाय असा: नळीचं तोंड कानशीने पातळ करा आणि त्यापुढे दहा-बारा सेंटिमीटर सुती दोरा घट्ट गुंडाळून त्यावर लाख चढवा.

विट्याची काठी सहा फूट पुरे, शेंड्याकडची थोडी बारीक चालेल. दोरी पाच फुटांची, सुती आणि गोफासारखी विणलेली, आठ मिलिमीटर. नायलॉन घेऊ नका. ती ताणली जाते आणि भाला परत येताना तोंडावर येतो. दोरी गुळगुळीत काठीवर नुसती गाठ मारून बांधली तर सरकते. बुडाला कडी असलेलं टोपण बसवा, वजन ५० ग्रॅमच्या आत. मनगटाला सरकफास कधीही नको. दोन इंच रुंद चामड्याचा पट्टा लावा, जोरात ओढल्यावर सुटेल असा. रिंगण आखताना हात, काठी आणि दोरी यांची बेरीज धरा. ती साडेतेरा फुटांच्या आसपास होते, म्हणून विटेकऱ्याभोवती वीस फूट मोकळे ठेवा आणि त्या रेषेच्या आत छायाचित्रकारालाही येऊ देऊ नका.

माझा आग्रह एका गोष्टीसाठी आहे. लोहाराकडे जाण्याआधी त्याच काठ्यांच्या बोथाट्या करा. टोकाला चिंध्यांचा घट्ट गोळा, वरून जाड कापड, पात्याएवढंच म्हणजे पाव किलो वजन. जोडीच्या सरावात गोळा रंगात बुडवायचा, म्हणजे स्पर्श कुठे झाला ते अंगावर उमटतं आणि वाद होत नाही. एकट्याच्या सरावाला भाला फांदीला दोरीने टांगता येतो. दोन-तीन महिने असे गेले की कोणाला सात फूट हवे आणि कोणाला साडेसहा, हे हातच सांगतात. काठी कापून आखूड करता येते, लांब करता येत नाही. घोड्यांनाही हाच काळ द्या. डोळ्याच्या कोपऱ्यात फडफडणारं निशाण आणि कानाशेजारची काठी यांची सवय नसलेला घोडा गर्दीत बुजतो. आधी जमिनीवरून नुसती काठी दाखवा, मग पाठीवरून, निशाण सगळ्यात शेवटी.

कायद्याचं विसरू नका. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत भाल्यांचा नावानिशी उल्लेख आहे, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली निघणाऱ्या मनाई आदेशांत सोटे, तलवारी यांच्यासोबत भालेही असतात. सण-उत्सवांच्या दिवसांत हे आदेश हमखास लागू असतात. धार नाही, खेळाचं आहे, हे सांगून भागत नाही. पोलीस ठाण्यात आधी लेखी अर्ज द्या, त्यात नगांची संख्या आणि बाळगणाऱ्यांची नावं लिहा, परवानगीची प्रत सोबत ठेवा. नेताना पात्यांवर चामड्याचे टोप चढवा.

ठेवताना भाले भिंतीला तिरके टेकवू नका, वर्षभरात कमान होते. आडवे, तीन खुंट्यांवर, चुलीपासून आणि ओलीपासून दूर. पावसाळ्याआधी एकदा तेलाचा हात, पात्याला खोबरेल नको, मशीनचं तेल. काठीखाली पिवळसर पीठ पडलेलं दिसलं तर भुंगा आत आहे. ती काठी त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळी करा.

काठ्या वाळल्या की प्रत्येकीचं वजन आणि दोन्ही टोकांची जाडी मिलिमीटरमध्ये इथे लिहा. पातं आणि टोपण किती ग्रॅमचं हवं, ते प्रत्येक काठीपुरतं वेगळं काढून देतो.